सेफर्ट दीर्घिकांतला ऑक्सिजन आणि ४३६३ ची रेषा

सेफर्ट-२ दीर्घिकेच्या (जिचा वायू केंद्रातल्या सक्रिय कृष्णविवरामुळे उजळतो) वायूत ऑक्सिजन किती, हा हिशेब तिच्या वर्णपटातल्या ऑक्सिजनच्या ४३६३ अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या फिकट रेषेवर अडतो. ऑक्सिजनचीच ५००७ ची रेषा ठसठशीत, पण तिच्या एकटीवरून काही कळत नाही. वायू जास्त तापलेला असेल तर थोडा ऑक्सिजनही तेवढाच उजळतो. म्हणून आधी तापमान काढायचं, ऑक्सिजनच्याच तीन रेषांच्या तीव्रतेच्या (४९५९+५००७)/४३६३ या गुणोत्तरावरून. घनता कमी असेल तर १०,००० केल्विनला ते सुमारे २१२ येतं, १५,००० ला ७१.

समजा ५००७ ही हायड्रोजनच्या एच-बीटा रेषेच्या १० पट आहे. ४३६३ एच-बीटाच्या ०.०६ पट निघाली, तर दोनदा आयनीभूत (दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या, या रेषा देणाऱ्या) ऑक्सिजनचं १२+लॉग(ओ/एच), म्हणजे हायड्रोजनच्या तुलनेतलं प्रमाण लॉग-मापात, सुमारे ८.५६ येतं. ०.१९ निघाली, तर ८.०४. ऑक्सिजन तिपटीहून जास्त घटला! (सूर्याचं ८.६९ धरतात.) सेफर्ट-२ मध्ये या पद्धतीने आकडे संशयास्पद कमी येतात ते बहुधा यामुळेच.

४३६३ फुगते कशाने? २३ अँगस्ट्रॉम अलीकडे हायड्रोजनची एच-गॅमा रेषा आहे, त्याहून जवळ ४३६० ला लोखंडाची रेषा. ताऱ्यांचा प्रकाश नीट वजा झाला नाही तर खालची पातळीच वाकडी बसते. सगळ्यात फसवी गोष्ट घनतेची. घन सेंटिमीटरला सुमारे ७ लाख इलेक्ट्रॉनांच्या पुढे ५००७ दबायला लागते, ४३६३ मात्र काही कोटींपर्यंत तग धरते, म्हणून वायू आहे त्याहून जास्त तापलेला वाटतो. हा दाट वायू घनता मोजायच्या गंधकाच्या ६७१६/६७३१ जोडीत दिसतच नाही, कारण ती जोडी साधारण ५ हजारांपर्यंतच कामाची.

४३६३ ला थेट एच-बीटाने भागू नका. एच-गॅमाने भागा आणि ०.४७ ने, म्हणजे एच-गॅमा/एच-बीटाच्या अपेक्षित गुणोत्तराने, गुणा. धुळीची आणि कॅलिब्रेशनची बरीचशी चूक तिथेच गळते. बाकी रेषांसाठी धूळ काढताना धुळीविना एच-अल्फा/एच-बीटा (हायड्रोजनच्याच दोन रेषांचं गुणोत्तर) ३.१ धरा. २.८६ हा आकडा साध्या तारानिर्मितीच्या ढगांचा.

वर्णपट कुठून सुरू होतो तेही बघा. स्लोन या आकाश-सर्वेक्षणाचे जुने वर्णपट ३८०० पासून आहेत, त्यामुळे ०.०२ पेक्षा कमी ताम्रसृतीला (रेषा लाल बाजूला किती सरकल्या त्याचं माप) एकदा आयनीभूत ऑक्सिजनची ३७२७ ची जोडी सुटते. मग त्याच आयनाच्या ७३२०-७३३० वर भागवावं लागतं. म्यूज या वर्णपटमापक उपकरणात तर जवळच्या दीर्घिकांची ४३६३ येतच नाही.

शेवटी ४६८६ ची हेलियम रेषा. ती दिसली की तीनदा आयनीभूत ऑक्सिजनही आहे, पण दृश्य प्रकाशात त्याची सोयीची रेषा नाही. तेव्हा हेलियमच्या दोन्ही आयनांच्या बेरजेला एकदा आयनीभूत हेलियमने भागून येणाऱ्या गुणकाने ऑक्सिजन वाढवायचा. ४६८६ मोजायची राहिली, तर हा वाटा गळतो आणि त्याचाही ठपका ४३६३ वरच बसतो.