पल्स मोटर नेमके किती वॉट खाते? माझा अनुभव

घरी केलेल्या ‘फ्री एनर्जी’ प्रयोगांत (घातलेल्यापेक्षा जास्त ऊर्जा मिळते असा दावा असलेल्या) जॉन बेदिनी यांच्या पद्धतीची पल्स मोटर, म्हणजे करंटच्या झटक्यांनी (पल्सनी) फिरणारी मोटर, फार लोक करतात: चाकावर चुंबकं, दुहेरी वेढ्यांची कॉइल, २एन३०५५ ट्रान्झिस्टर, मोटर चालवणारी एक बॅटरी आणि चार्ज होणारी दुसरी. बांधणीबद्दल इथे लिहीत नाही, ती जमते. अडतं ते मापनात, आणि तेही इनपुटच्या. माझा बहुतेक वेळ तिथेच गेला आणि त्या साध्या डीटी-८३० मल्टिमीटरवरचा राग अजून गेलेला नाही.

मीटर १० अँपिअरच्या रेंजवर बॅटरीच्या वायरमध्ये लावला की आकडे नाचतात: ०.३८, ०.६१, ०.४४. हा मीटर सेकंदाला दोन-तीनच वाचनं घेतो आणि प्रत्येक वाचनात सेकंदाचा एक छोटा तुकडा बघतो. सेकंदाला २०-३० पल्स असतील तर एका तुकड्यात दोन पल्स सापडतात, पुढच्यात तीन. मग ज्याला जो आकडा पटेल तो वहीत उतरतो. सगळ्यात लहान आकडा उतरला की आउटपुट आपोआप इनपुटपेक्षा मोठं दिसतं, आणि व्हिडिओ तयार होतो!

त्यावर पहिला सल्ला मिळतो तो ‘ट्रू आरएमएस’ मीटर (बदलत्या करंटच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ दाखवणारा) घ्या असा. इथे तो सल्ला चुकीचा आहे. बॅटरीचं व्होल्टेज जवळजवळ स्थिर असतं, त्यामुळे पॉवर म्हणजे व्होल्टेज गुणिले सरासरी करंट. समजा २ अँपिअरचा चौकोनी पल्स पाव वेळ चालू आहे. सरासरी ०.५ अँपिअर, आरएमएस १ अँपिअर. १२ व्होल्टला खरी पॉवर ६ वॉट. आरएमएस धरली तर १२. लोडच्या रेझिस्टरवर मात्र उलट आहे. तिथे पल्स सरळ सोडले तर आरएमएस व्होल्टेजच लागतं, सरासरी नाही. या दोन जागांची गल्लत झाली की कार्यक्षमता हवी तेवढी निघते.

दुसरा सल्ला: बॅटरीला समांतर मोठा कपॅसिटर लावा. बॅटरीचा आतला रेझिस्टन्स ०.०५ ओहमच्या आसपास धरला तर १०,००० मायक्रोफॅरडबरोबर टाइम कॉन्स्टंट (रेझिस्टन्स गुणिले कपॅसिटन्स, म्हणजे कपॅसिटर साधारण किती वेळाचे चढउतार सपाट करतो ते) होतो अर्धा मिलिसेकंद. पल्स मात्र दहा-बारा मिलिसेकंदांचा. म्हणजे बॅटरीतून करंट पूर्वीसारखाच झटक्यांनी येत राहतो आणि आकडेही तसेच नाचतात.

जे चाललं ते फार स्वस्त आहे. चालवणाऱ्या बॅटरीच्या निगेटिव्ह वायरमध्ये ०.१ ओहमचा शंट (ज्यावरच्या व्होल्टेजवरून करंट कळतो असा छोटा रेझिस्टर): १ ओहमचे दहा मेटल फिल्म रेझिस्टर समांतर, सोल्डर करून. ब्रेडबोर्डवर अजिबात नको, तिथला नुसता संपर्कच शंटच्या बरोबरीचा निघू शकतो. मापनाच्या दोन बारीक वायरी शंटच्या पायांनाच जोडायच्या. त्यांतल्या एकीत १० किलोओहम, मग दोन्हींच्या मध्ये १०० मायक्रोफॅरड, आणि त्या कपॅसिटरवर मीटर, २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर. या फिल्टरचा टाइम कॉन्स्टंट एक सेकंद, म्हणून पाच-सहा सेकंद थांबायचं. आकडा स्थिरावतो: ५० मिलिव्होल्ट म्हणजे ०.५ अँपिअर. तो पहिल्यांदा हलायचा थांबला तेव्हा फार बरं वाटलं. आता खात्री करा. मोटर काढून १२ व्होल्ट ५ वॉटचा बल्ब लावा आणि फिल्टरसह व फिल्टरशिवाय वाचन घ्या. दोन्ही जुळलीच पाहिजेत. नसतील तर कपॅसिटर गळका आहे किंवा सोल्डर कच्चं आहे.

बॅटरीचं व्होल्टेज मोटर चालू असतानाच, थेट टर्मिनलवर मोजा. विश्रांतीचे १२.७ धरू नका.

आउटपुटला दुसरी बॅटरी ठेवूच नका. कॉइल बंद होताना उठणाऱ्या स्पाइकने (व्होल्टेजच्या क्षणिक उसळीने) लेड-ॲसिड बॅटरीच्या प्लेटांवर वरवरचा चार्ज चढतो, व्होल्टेज वाढतं, पण ऊर्जा साठतेच असं नाही. बॅटरीच वापरायची असेल तर मोजायचा एकच मार्ग आहे: ७ अँपिअर-अवरची बॅटरी ०.३५ अँपिअरने १०.५ व्होल्टपर्यंत उतरवायची आणि तास मोजायचे. त्यापेक्षा बॅटरीच्या जागी १००० मायक्रोफॅरड (१०० व्होल्ट किंवा जास्त) आणि त्याला समांतर १०० ओहम, १० वॉट. डायोड यूएफ४००७ घ्या. १एन४००७ बंद व्हायला वेळ लावतो. रेझिस्टरवर स्थिर १४ व्होल्ट असतील तर १४ चा वर्ग भागिले १००, म्हणजे १.९६ वॉट. इनपुट ६.२ असेल तर कार्यक्षमता ३२ टक्के. असं मोजल्यावर माझ्याकडे आउटपुट कायम इनपुटच्या खालीच राहिलं, आणि ऊर्जा अक्षय्यतेच्या नियमाप्रमाणे तसंच यायला हवं.

वाचन घेताना चाकाचा वेग स्थिर झालेला हवा. वेग उतरत असेल तर चाकात आधी घातलेली ऊर्जा आउटपुटमध्ये मिसळते.

ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर-एमिटरवरचा छोटा निऑन दिवा काढू नका. तो नसताना लोडची वायर निसटली तर स्पाइक शंभर व्होल्टच्या वर जातो आणि २एन३०५५ जातो.

ऑसिलोस्कोपबद्दल सांगायचं राहिलंच. या सर्किटमध्ये आउटपुटचा निगेटिव्ह चालवणाऱ्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला जोडलेला असतो. स्कोपच्या दोन्ही प्रोबच्या ग्राउंड क्लिपा आतून एकच. एक क्लिप शंटला आणि दुसरी आउटपुटच्या निगेटिव्हला लावली की १२ व्होल्टची बॅटरी क्लिपच्या बारीक वायरीतून शॉर्ट होते. इनपुट आणि आउटपुट वेगवेगळं बघा, एका वेळी एकच क्लिप लावून.