आमची वाटचाल: मांडवातल्या कर्ण्यांपासून शंभर वॉटच्या गिटार ॲम्पपर्यंत

जुने, मोठ्या ताकदीचे, वॉल्व्हचे (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचे) गिटार ॲम्प, म्हणजे ॲम्प्लिफायर, तपासायचे, दुरुस्त करायचे आणि ज्याला खरंच गरज आहे त्याला योग्य ॲम्प निवडून द्यायचा, हे आमचं आजचं काम. धंद्याची सुरुवात मात्र गिटारने झाली नाही. बाबांनी गिरगावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं तेव्हा घरोघरी वॉल्व्हचे रेडिओ होते. श्रावण लागला की मांडववाले आपापले ॲम्प घेऊन दुकानासमोर उभे राहायचे. कर्ण्यांवर दहा दिवस सकाळ-संध्याकाळ आरत्या आणि गाणी वाजवायची, तीही पावसात, म्हणजे ॲम्पाची कसोटीच. त्यात ईएल३४ किंवा ६एल६ हे वॉल्व्ह जोडीने लावलेले असत. लॅमिंग्टन रोड जवळच असल्याने सुटे भाग मिळत, आणि बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या वॉल्व्हची खोकी आमच्या फळीवर कायम असत.

बाबांच्या टेबलावर एक सिरीज लॅम्प होता. मेनच्या वायरीत मालिकेत लावलेला साधा शंभर वॉटचा बल्ब. अनोळखी ॲम्प थेट प्लगला लावायचा नाही, आधी या बल्बमधून लावायचा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जायचं, लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे असं समजायचं. आज आमच्याकडे ऑसिलोस्कोप आहे, व्होल्ट कमी-जास्त करणारा व्हॅरिॲक आहे, वॉल्व्ह जुळवायचं यंत्र आहे. तरी प्रत्येक जुना ॲम्प पहिल्यांदा त्या बल्बमधूनच चालू होतो.

ऐंशीच्या दशकात धोबीतलावला राहणारे एक गोवेकर गिटारवादक फेंडर या अमेरिकन कंपनीचा ट्विन रिव्हर्ब ॲम्प घेऊन आले. ते लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचे, आणि बोटीवर काम करणाऱ्या नातेवाइकाने तो ॲम्प त्यांना आणून दिला होता. बाबांनी मागची फळी काढली तेव्हा आत चार ६एल६ उभे. ओळखीचा वॉल्व्ह, ओळखीची जोडणी. नवीन होती ती वीज. तो ॲम्प अमेरिकेतल्या सुमारे ११७ व्होल्ट आणि ६० हर्ट्झसाठी बनलेला, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. व्होल्ट उतरवायला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण हर्ट्झ बदलत नाहीत. तेवढ्याच व्होल्टला ५० हर्ट्झवर ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात २० टक्के जास्त चुंबकीय प्रवाह जातो आणि तो गरम होत राहतो. बाबांनी ११० व्होल्ट देणारा स्टेप-डाउन बांधून घेतला. वॉल्व्ह आतून तापवणाऱ्या हीटरला ६.३ ऐवजी साधारण ५.९ व्होल्ट मिळाले, तेवढं वॉल्व्हला चालतं, आणि ट्रान्सफॉर्मर हाताला सोसेल इतपतच तापू लागला. अमेरिकन ॲम्पाला आम्ही आजही हेच करतो.

त्या एका ॲम्पामुळे गिटारवाल्यांत आमचं नाव झालं. मी डिप्लोमा करून दुकानात बसायला लागले तोवर मांडवात ट्रान्झिस्टरचे ॲम्प आले होते, घरातले वॉल्व्हचे रेडिओ माळ्यावर गेले होते, आणि वॉल्व्हचं काम घेऊन येणारे गिटारवाले तेवढे उरले होते. त्यांच्यासाठीच दुकान चालवायचं हा निर्णय मी घेतला. बाबांना काळजी वाटली, पण त्यांनी अडवलं नाही. ‘आधी लोखंड बघ, मग नाव बघ,’ एवढं मात्र बजावलं. लोखंड म्हणजे ट्रान्सफॉर्मर. आमची सगळी निवड अजून याच क्रमाने होते.

एवढ्या ताकदीचे ॲम्प मुळात बनले कशाला? लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांचं वाद्यांचं दुकान होतं. तिथे १९६२ मध्ये फेंडरच्या बासमन ॲम्पाच्या सर्किटवर बेतलेला जेटीएम ४५ हा ॲम्प तयार झाला. तीन वर्षांत बँडना तो पुरेना. सभागृहं मोठी, श्रोते आरडाओरडा करणारे, आणि गायकाचा आवाज सोडला तर बाकी काहीच सभागृहाच्या स्पीकरवर जात नसे. गिटारचा आवाज गिटारच्या ॲम्पानेच शेवटच्या रांगेपर्यंत न्यायचा. ‘द हू’ या बँडच्या पीट टाउनशेंड आणि जॉन एंटव्हिसल यांनी मागणी केली आणि १९६५ मध्ये मार्शलचा शंभर वॉटचा ॲम्प आला. टाउनशेंडला आठ स्पीकरची एकच पेटी हवी होती. ती उचलणं माणसांच्या आवाक्याबाहेरचं, म्हणून चार-चार स्पीकरच्या दोन पेट्या एकावर एक ठेवायची पद्धत पडली. त्यातलंच सुपर लीड हे हेड, म्हणजे स्पीकरशिवायचा नुसता ॲम्प. त्याचा मॉडेल नंबर १९५९. हा आकडा सालाचा समजून ‘एकोणीसशे एकोणसाठचा ॲम्प’ म्हणून चढ्या भावाने विकू पाहणारे आम्हाला अजून भेटतात. १९५९ साली मार्शलचा एकही ॲम्प नव्हता.

आता गिटारच्या ॲम्पासमोर मायक्रोफोन लावला की सभागृहाची यंत्रणा बाकीचं बघते. म्हणून कुणी शंभर वॉटचा जुना ॲम्प हवा म्हणत आलं की मी आधी विचारते, वाजवणार कुठे? पन्नास वॉटच्या जागी शंभर वॉट घेतले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, कानाला जेमतेम जाणवेल इतका. आवाज दुप्पट वाटायला दहापट वॉट लागतात. म्हणजे शंभर वॉटचा ॲम्प दहा वॉटच्या ॲम्पापेक्षा साधारण दुप्पट मोठा ऐकू येतो, बस्स. मोठ्या ॲम्पाची खरी दौलत आहे त्याच्या राखीव ताकदीत. दमदार गवई हलक्या आवाजात गायला तरी सूर भरीव लागतो, तसा या ॲम्पात खालच्या तारेचा ठोका न फाटता, न दबता उमटतो. जोरात छेडा, स्वर स्वच्छ राहतो. ज्याला हे हवं आहे त्याने मोठा ॲम्प घ्यावा. ज्याला फाटलेला, जळता आवाज घरच्या खोलीत हवा आहे, त्याला आम्ही पाच ते वीस वॉटचा ॲम्प घ्यायला सांगतो, मग आमची विक्री हुकली तरी चालेल.

मोठ्यांतही स्वभाव वेगळे. ट्विन रिव्हर्ब आधी ८५ वॉटचा होता, सत्तरच्या दशकात १०० आणि पुढे १३५ वॉटपर्यंत गेला. त्याचा आवाज काचेसारखा स्वच्छ, आणि पायाने चालवायचे इफेक्ट पेडल वापरणाऱ्याला त्याच्याइतका सोयीचा दुसरा नाही. सुपर लीडचा जीव मधल्या पट्टीत. त्याची दोन्ही चॅनल छोट्या वायरीने जोडून, एकात उजेड आणि दुसऱ्यात वजन असं मिसळून वाजवायचं, मग तो बोलू लागतो. माझं मन मात्र हायवॅट डीआर १०३ या शंभर वॉटच्या ब्रिटिश ॲम्पावर बसलं आहे. डेव्ह रीव्ह्ज यांचं डिझाइन, पार्ट्रिजचे ट्रान्सफॉर्मर, आणि हॅरी जॉइस यांच्याकडची लष्करी शिस्तीची वायरिंग. प्रत्येक तार काटकोनात वळलेली, एकही सोल्डर ओघळलेलं नाही. ‘पिंक फ्लॉइड’चे गिटारवादक डेव्हिड गिल्मर यांनी तो वर्षानुवर्षं का वापरला, हे झाकण उघडलं की डोळ्यांनीच कळतं. नव्या मुलांना वायरिंग शिकवताना मी हाच ॲम्प उघडून ठेवते.

निवडताना आम्ही आत काय शोधतो? ट्रान्सफॉर्मर मूळचे आहेत का, हे पहिलं. ब्रिटिश ॲम्पात ड्रेक, डॅग्नल किंवा पार्ट्रिज असे शिक्के असतात, अमेरिकन ॲम्पात बहुधा ६०६ ने सुरू होणारा आकडा आणि त्यापुढे वर्ष-आठवडा. पॉटच्या, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या फिरत्या बटणामागच्या भागाच्या, पाठीवरही असाच छाप असतो. १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, पुढचे आकडे सालाचे आणि आठवड्याचे. पॉट आणि ट्रान्सफॉर्मर यांचे आठवडे एकमेकांशी जुळले की जीव भांड्यात पडतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मर बदललेला असेल तर तो ॲम्प वाईट ठरतो असं नाही, पण किंमत तशीच कमी हवी.

याउलट फिल्टरचे (वीज साठवून स्थिर करणारे) इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर मूळचे आहेत म्हणून कुणी जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका. ते झिजणारे भाग आहेत. पन्नास वर्षांपूर्वीचा कंडेन्सर फुटला तर पॉवर ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातो. काही गिऱ्हाइकं हात जोडून म्हणतात, ‘ताई, सगळं ओरिजिनल आहे, काही बदलू नका.’ त्यांची भावना मला कळते. म्हणून काढलेला प्रत्येक भाग आम्ही तारीख घालून पिशवीत परत देतो, आणि मूळ पत्र्याला नवं भोक कधीच पाडत नाही. जुन्या अमेरिकन ॲम्पांची दोन पिनांची वायर आणि तिच्याजवळचा पत्र्याला जोडलेला कंडेन्सर मात्र हमखास काढतो आणि अर्थिंगची तीन तारांची वायर लावतो. यावर घासाघीस नाही. गिटारच्या तारेला हात आणि मायक्रोफोनला ओठ एकाच वेळी लागतात, आणि करंट बसायला तेवढं पुरतं.

बायसबद्दलही, म्हणजे गिटार वाजत नसताना वॉल्व्हमधून किती करंट वाहू द्यायचा याबद्दल, स्पष्ट लिहिते, कारण इथेच सर्वाधिक वॉल्व्ह जळतात. ईएल३४ च्या प्लेटची, म्हणजे आतल्या ज्या पत्र्यावर इलेक्ट्रॉन पोचतात त्याची, मर्यादा २५ वॉट. आम्ही तिच्या ७० टक्क्यांवर, म्हणजे १७.५ वॉटवर थांबतो. प्लेटला ४७० व्होल्ट असतील तर दर वॉल्व्हमागे ३७ मिलिॲम्पिअर. प्रत्येक कॅथोडला (इलेक्ट्रॉन जिथून निघतात त्या टोकाला) एक ओहमचा रेझिस्टर लावून ठेवला की मिलिव्होल्ट वाचले तेच मिलिॲम्पिअर, हिशोब सोपा. हे घरी करू नका. प्लग काढल्यावरही या ॲम्पात साडेचारशे-पाचशे व्होल्ट साठून राहू शकतात.

गिरगावात जागा पुरेना, आणि खरं काम तिथे होईना. शंभर वॉटचं हेड चार स्पीकरच्या पेटीवर पूर्ण उघडलं तर एक मीटरवर १२० डेसिबलच्या आसपास आवाज निघतो. निवासी भागातली दिवसाची कायदेशीर मर्यादा ५५ डेसिबल. चाळीतल्या शेजाऱ्यांनी बरंच सोसलं, त्यांचे उपकार आहेत. मग ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये गाळा घेतला, आत रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर) भरलेली खोली बांधली. ॲम्प तासभर पूर्ण ताकदीने चालवून बघता येऊ लागला तेव्हा कामाचा दर्जा एकदम वर गेला. थंड असताना ठीक वाजणारा वॉल्व्ह तापल्यावर कसा वागतो, हे त्या खोलीतच कळतं.

घरी वाजवणाऱ्यांसाठी ॲम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये लावायचा अटेन्युएटर आम्ही बनवून देतो, पण सांगतोही की त्याने स्पीकरचा आवाज उतरतो, वॉल्व्हची मेहनत उतरत नाही. आणि स्पीकर किंवा लोड जोडल्याशिवाय ॲम्प चालू करणं म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर घालवणं. ॲम्प आणि स्पीकर यांचे ओहम जुळवा, वायर गिटारची नको, स्पीकरचीच हवी. जुन्या पेटीत २५ वॉटचे चार ग्रीनबॅक स्पीकर असतील तर बेरीज शंभर होते खरी, पण पूर्ण उघडलेलं शंभर वॉटचं हेड त्याहून बरंच जास्त ढकलतं. अशा वेळी दोन पेट्या लावा.

आपल्या हवेबद्दल बाहेरच्या पुस्तकांत काही सापडत नाही, ते आम्हाला इथेच शिकावं लागलं. जुन्या अमेरिकन ॲम्पांत भाग ज्या काळ्या फायबर बोर्डावर बसवलेले असतात, तो कोकणपट्टीच्या दमट हवेत ओल धरतो आणि वीज झिरपू देतो. मीटरचं टोक नुसतं बोर्डावर टेकवलं तरी काही व्होल्ट दिसतात. बाहेर खरखर ऐकू येते, आणि माणूस एकामागून एक वॉल्व्ह बदलत बसतो. आम्ही बोर्ड मंद उष्णतेने वाळवतो, फारच बिघडला असेल तर काच-इपॉक्सीचा नवा कापून त्यावर जुनेच भाग चढवतो. मुंबई आणि गोव्यातल्या गिऱ्हाइकांना माझी कळकळीची विनंती, पावसाळ्यात ॲम्प कव्हरखाली झाकून विसरू नका. आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू ठेवा.

सर्वांत कठीण काळ आला तो २०२२ मध्ये. जगात गिटारसाठी वॉल्व्ह बनवणारे मोठे कारखाने उरलेत ते रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये. त्या मार्चमध्ये रशियातून येणारा माल अडकला आणि पुरवठादारांनी फोन उचलणं बंद केलं. पुढे माल सुरू झाला, भाव मात्र खाली आले नाहीत. तेव्हा बाबांच्या फळीवरचा जुना साठा आम्ही एक-एक मोजून, जुळवून, फक्त वाजवणाऱ्या लोकांना दिला. साठेबाज जास्त द्यायला तयार होते. त्यांना दिला नाही.

आता बेंचवर माझ्यासोबत पुतणी आहे, आणि ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारे एक जुने काका आठवड्यातून दोनदा येतात. त्यांच्याकडून पुतणी आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं थरांचं वाइंडिंग शिकते आहे, कारण जळालेला मूळ ट्रान्सफॉर्मर फेकण्यापेक्षा त्याच्याच गाभ्यावर नवी तार गुंडाळणं आम्हाला जास्त योग्य वाटतं. पुढच्या हंगामापर्यंत हे काम पूर्णपणे आमच्या गाळ्यात व्हावं, अशी तयारी चालू आहे.

ॲम्प दाखवायला आणणार असाल तर पेटी आणि स्पीकरची वायरही सोबत आणा, निम्मे दोष तिथेच असतात. प्रवासात वॉल्व्ह काढून वेगळे गुंडाळा आणि कोणता कुठल्या सॉकेटमधला ते कागदावर लिहून ठेवा. फार दिवस बंद पडलेला ॲम्प ‘चालतो का बघू’ म्हणून घरी प्लगला लावू नका, तसाच घेऊन या. आमच्याकडे तो आधी सिरीज लॅम्पवर जाईल, आणि तो चालू होताना तुम्ही शेजारी उभे राहून बघू शकता.