काळी चार आणि मंडळीचा गळा

चर्चमधल्या संगीतात मला आवडतं ते भजन. पेटी, तबला, झांजा, फार ठाय नाही की फार द्रुत नाही अशी लय. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती उचलायची. पुढे उभं राहून कुणी ऐकवणारा नको. शेवटच्या बाकावरचा बेसूर माणूसही त्यात खपून जातो, आणि तो माणूस मीच असल्याने ही सोय मला महत्त्वाची वाटते.

आमच्या घरात मात्र ही आवड अल्पमतात आहे. बायकोचं माहेर मिरजेचं. चार आवाजांतल्या कॉयरशिवाय उपासना झाली, असं तिला वाटत नाही. मुलगी वर्शिप टीममध्ये कीबोर्ड वाजवते. तिला ड्रम लागतो, गिटार लागते आणि गाण्याचे शब्द पडद्यावर लागतात. रविवारी चर्चहून आल्यावर मटणाचा रस्सा वाढता वाढता विषय निघतो आणि भांडी घासून होईपर्यंत चालतो.

मी पूर्वी देशी-परदेशीचा मुद्दा काढायचो. बायको शांतपणे म्हणायची, मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले १८५२ साली. तेव्हापासून ही मिशनरी गीतं इथे गायली जातायत. पाच-सहा पिढ्या गायल्यावरही परकी कशी? त्यावर मी पेटीकडे बोट दाखवायचो, तर पेटीनेच दगा दिला. हार्मोनियमचं पेटंट पॅरिसचं, देबेन नावाच्या माणसाचं, १८४२ चं. मांडी घालून एका हाताने भाता मारत वाजवायची पेटी पुढे कोलकात्यात द्वारकानाथ घोषांनी घडवली. एवढं होऊनही आकाशवाणीने १९४० पासून तीसेक वर्षं तिला बाहेरच ठेवलं होतं. तेव्हा देशीपणाचा तो मुद्दा मी सोडून दिला.

पण भाषांतरित गीतांबद्दलची माझी तक्रार खरी आहे. चाल आधीच ठरलेली, सूर मोजून मापून दिलेले, त्यात मराठी शब्द कोंबायचे. मग ऱ्हस्व अक्षर दोन-दोन मात्रा ताणलं जातं आणि दीर्घ अक्षराची घाईघाईत बोळवण होते. नारायण वामन टिळकांची पदं म्हणताना जीभ अशी अडखळत नाही. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा, पण कान आधीच अभंगांनी घडलेला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते म्हणत. त्यांच्याही आधी, १६१६ साली, फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं ते ओवीत. गोऱ्या जेझुइट पाद्र्याला जे कळलं ते आमच्या काही गीत-भाषांतरकारांना का कळू नये, असं मी बायकोला विचारतो. ती माझ्या ताटात रस्सा वाढते.

माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. चर्चमध्ये ती ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक उघडून समोर धरायची, बहुतेक वेळा भलत्याच पानावर, क्वचित उलटंही. गाणं मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ. गल्लीत भजनी मंडळ बसायचं, तिथला ठेका तिच्या कानात होताच. त्याच ठेक्यावर येशूचं पद आलं की वेगळं शिकवावं लागायचं नाही. पाश्चात्त्य चालीच्या गीतांना ती नुसते ओठ हलवायची. आईने एकदा विचारलं तर म्हणाली, “साहेबाचं गाणं हाय, साहेबच म्हणंल.”

मुलीच्या गिटारवर आमची एल्डर मंडळी नाकं मुरडतात. तेव्हा ती दर नाताळात हुकमी पत्ता टाकते. ‘सायलेंट नाइट’ पहिल्यांदा गायलं गेलं ते १८१८ च्या नाताळच्या आदल्या रात्री, ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फच्या चर्चमध्ये, आणि साथीला होती गिटार. (उंदरांनी ऑर्गन कुरतडला म्हणून गिटार घेतली, ही गोष्ट मागाहून रंगवलेली, गिटार मात्र खरी.) यावर कुणाकडे उत्तर नसतं. शिवाय तिच्या गाण्यांतल्या त्याच त्या चार ओळी फिरून फिरून येतात म्हणून ओरडणाऱ्यांनी भजनाचं ध्रुवपद एकदा मोजून बघावं. मला त्या गाण्यांत खुपतं ते वेगळंच. स्पीकर एवढा मोठा असतो की शेजारच्याचा आवाज सोडाच, माझाच मला ऐकू येत नाही. आणि पट्टी! पुढे गाणाऱ्या दोन्ही मुली काळी चारच्या, म्हणजे पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून उंच गाणाऱ्या. दुसऱ्या कडव्यापर्यंत बाप्यांची बाजू गप्प होते, नुसत्या टाळ्या वाजवते.

हे मी मुलीला सांगितलं. म्हटलं, गवई अल्लादियाखाँसाहेबांच्या आणि गाण्याच्या देवल क्लबच्या गावात राहतो आपण, मंडळीचा गळा बघून पट्टी धरायची असते, एवढं तरी कळायला हवं. ती म्हणाली, “मग आधी सांगायचं की, पप्पा. एक बटण दाबायचं असतं.”

पुढच्या रविवारी तिने सगळं काळी एकमध्ये आणलं. बाप्यांची बाजू अशी काही गायली की पाळकसाहेबांनी पुस्तकातून मान वर केली. घरी आल्यावर बायको म्हणाली, एवढ्या खाली बायकांनी काय, विहिरीत उतरून गायचं? आता पहिलं गीत काळी एक, दुसरं काळी चार असं ठरलंय. प्रभुभोजनाच्या रविवारी तीन गीतं असतात. तिसऱ्याचा निकाल लागायचाय.