थांबायची तयारी

गाडी बंद पडली की माणूस खाली उतरतो, बॉनेट उघडतो आणि आत बघतो. इंजिनातलं काही कळत असो वा नसो, हे होतंच. कुठेतरी एखादी वायर सुटलेली दिसेल, ती जागच्या जागी बसवली की गाडी सुरू, अशी भाबडी आशा त्यामागे असते. आता वर काळं प्लास्टिकचं झाकण असतं आणि त्याखालचा कारभार संगणकाच्या हाती, तरी आपण बघतो. मीही बघतो. वस्तीत हे खपून जातं, कारण उघडं बॉनेट दिसलं की चार सल्लागार बोलावल्याशिवाय जमतात. पंचाईत होते ती आडरानात. तिथे मेकॅनिक नाही, रेंज नाही, आणि चुकीचा सल्ला द्यायलासुद्धा कुणी नाही.

अशा वेळच्या हिकमतीचा विषय निघाला की मला बर्था बेंझ आठवतात. ऑगस्ट १८८८ मध्ये ही बाई नवऱ्याने, म्हणजे कार्ल बेंझने, बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन दोन किशोरवयीन मुलांसह जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. तोवर मोटारीने एवढा लांबचा प्रवास कुणी केलेला नव्हता. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी हॅटच्या पिनेने मोकळी केली. वायरीवरचं आवरण गेलं, तिथे मोज्याचा बंद गुंडाळला. इंधन संपलं तेव्हा औषधाच्या दुकानातून लिग्रॉइन नावाचं पेट्रोलसारखं द्रावक विकत घेतलं, आणि ब्रेक झिजल्यावर एका चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. चढावर मुलांनी गाडी ढकलली.

ही गोष्ट ऐकून आपल्याला वाटतं, हातात पिन आणि अंगात धमक असली की झालं. पण त्यातलं औषधाचं दुकान आणि तो चांभार काढून टाका, मग काय उरतं बघा. आडरानात गाडी बंद पडते तेव्हा नेमकी हीच माणसं नसतात. म्हणून मला वाटतं, दूरच्या प्रवासाची खरी तयारी दुरुस्तीची नसतेच. ती थांबायची असते.

तरी हत्यारांकडे पाठ फिरवून चालणार नाही. डिकीतली स्टेपनी वर्षानुवर्षं तशीच पडून असते आणि वापरली नाही तरी तिची हवा हळूहळू उतरत जाते. चारही चाकांची हवा बघणारा पाचव्याला विसरतो, आणि हे त्याला कळतं ते जॅकवरून गाडी खाली उतरवताना. बऱ्याच नव्या गाड्यांत ती बारीक, तात्पुरती स्टेपनी असते. तिच्यावर सहसा ताशी ८० किलोमीटरची मर्यादा छापलेली असते, आणि काही गाड्यांत तर स्टेपनीच नसते. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करायचे, उचलल्यावर नाही. वाळूत किंवा चिखलात जॅक गाडी उचलण्याऐवजी स्वतःच खाली जातो, म्हणून त्याच्याखाली द्यायला फळीचा एक तुकडा हवा. बॅटरी उतरली तर जंपर केबल चांगली वस्तू आहे, पण तिच्या दुसऱ्या टोकाला दुसरी गाडी लागते. निर्जन जागी चार्ज करून ठेवलेला जंप स्टार्टर, म्हणजे गाडी सुरू करून देणारी छोटी सुटी बॅटरी, जास्त कामाचा. धक्का मारायचा विचार ऑटोमॅटिक गाडीत मनातही आणू नये. ती तशी सुरू होत नाही.

इंजिन तापलं तर मात्र हात खिशात ठेवायचे. रेडिएटरमधलं पाणी दाबाखाली असतं, त्यामुळे ते १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि उकळता फवारा थेट तोंडावर येतो. तेव्हा झाकणाला हात लावायचा तो इंजिन पुरतं निवल्यावरच. आणि कितीही तहान लागली तरी त्यातलं कूलंट प्यायचं नाही. ते चवीला गोड असतं आणि विषारीही.

पण सर्वांत अवघड असतं ते गाडी सोडून न जाणं. अर्धा तास झाला की पाय शिवशिवायला लागतात. ‘पुढच्या वळणापर्यंत बघून येतो’ असं म्हणत माणूस निघतो, आणि वळणानंतर आणखी एक वळण असतं. आपण बसलेलो असतो खाली, पण डोक्यातला हिशोब अजून गाडीचाच चालू असतो. मागे दिसलेलं गाव तीस किलोमीटरवर, म्हणजे अर्धा तास! पायी ते सहा-सात तासांचं अंतर आहे, तेही वाट सरळ आणि पाणी पुरेसं असेल तर. कडक उन्हात चालणाऱ्याच्या अंगातून तासाला लिटरभर घाम सहज जाऊ शकतो. तेवढंच पाणी सावलीत बसून राहिलेल्याला कितीतरी जास्त पुरतं. सावली गाडीची घ्यावी, गाडीच्या आतली नव्हे; बंद गाडी उन्हात भट्टी होते. उलट बर्फात अडकलो तर आतच बसायचं, तासातून दहा मिनिटं इंजिन चालवून ऊब घ्यायची. मात्र त्याआधी सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं नाही ना, हे दर वेळी उतरून बघायचं आणि एक काच किंचित खाली ठेवायची. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

शिवाय शोधणाऱ्याला माणसापेक्षा गाडी लवकर दिसते. इथे ते उघडं बॉनेट कामाला येतं. संकटात असल्याची ती जगभर ओळखीची खूण आहे, आत काही कळलं नाही तरी उघडं ठेवायला हरकत नाही. आरशाने उन्हाची तिरीप दूरवर पाठवता येते. शिट्टी, हॉर्न, दिवा, काहीही तीनदा केलं की मदतीची हाक समजतात. फोन रेंज शोधता शोधताच बॅटरी संपवतो, म्हणून तो फ्लाइट मोडवर ठेवावा आणि अधूनमधून उंचवट्यावर जाऊन बघावं. बोलणं होत नाही अशा ठिकाणाहूनही कधीकधी एसएमएस निघून जातो.

आणि हे सगळं उपयोगाचं कधी, तर कुणीतरी आपल्याला शोधत असेल तर. बर्थाबाई नवऱ्याला न सांगता निघाल्या होत्या आणि पोहोचल्यावर त्यांनी तार केली. आपण निघण्याआधीच कळवावं: नुसतं गाव नाही, कोणत्या रस्त्याने जाणार तेही, आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर हालचाल करायची. हे सांगायला माणूस मात्र नीट निवडावा. ‘येईल हो, रेंज नसेल’ म्हणून कुशीवर वळणारा शांत स्वभावाचा मित्र इथे बिनकामाचा. ठरलेली वेळ टळून पाच मिनिटं झाली की घरात येरझाऱ्या घालणारं, एरवी आपण ज्याच्या काळजीला वैतागतो असं कुणीतरी शोधावं. पोहोचल्यावर पहिला फोन मात्र त्यालाच करायचा, नाहीतर आपण गादीवर आडवे आणि शोधपथक रानात आपल्या नावाने हाका मारत हिंडतंय, असं व्हायचं.