ते पांढरे गोळे खरे की बसवलेले?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. जळगावला आमच्या विभागाच्या भिंतीवर ॲपोफिलाइट या खनिजाच्या अंतर्रचनेचं मोठं चित्र आहे. त्यातले पांढरे गोळे म्हणजे हायड्रोजनचे अणू. पाहणारा विद्यार्थी असो की कुणाचे पालक, बोट पांढऱ्या गोळ्यांवरच जातं: "सर, हे खरंच दिसले, की तुम्ही बसवले?"

दिसले, पण न्यूट्रॉनला. नुसत्या क्ष-किरणांवर विसंबलो असतो तर बहुधा बसवावेच लागले असते.

ॲपोफिलाइट आपल्या घरचाच. खडीसाठी काळा पाषाण फोडताना पोकळ्यांतून निघतो, बरेचदा स्टिलबाइट या दुसऱ्या खनिजाच्या सोबतीनं. इथं त्याला सरसकट गारगोटी म्हणतात. परदेशी संग्रहांत मात्र त्याच्या चिठ्ठीवर 'जळगाव' असं गाव लिहिलेलं असतं. त्याच्या रासायनिक सूत्रात पाण्याचे ८ रेणू आहेत. ते कुठं तोंड करून बसलेत हे कळायचं तर हायड्रोजन सापडायला हवा.

अडचण तिथंच आहे. क्ष-किरण इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात. हायड्रोजनकडे इलेक्ट्रॉन १, शेजारच्या ऑक्सिजनकडे ८, कॅल्शियमकडे २०. वरातीचा बँड वाजत असताना बांगडीचा आवाज ऐकायला जावं, तशी गत. त्यात हा एकुलता इलेक्ट्रॉनही बंधाकडे ओढलेला. म्हणून क्ष-किरणांनी ऑक्सिजन-हायड्रोजन अंतर ०.८५ अँगस्ट्रॉमच्या आसपास येतं (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). केंद्रकांमधलं खरं अंतर ०.९७ च्या जवळ असतं.

न्यूट्रॉन केंद्रकावरून विखुरतो. कुठला अणू त्याला किती विखुरतो, त्या मोजपट्टीवर ऑक्सिजन ५.८० फेम्टोमीटर (अँगस्ट्रॉमहून लाख पटीनं लहान एकक), तर हायड्रोजन उणे ३.७४, म्हणजे अगदीच किरकोळ नाही. आणि त्या उणे चिन्हाची गंमत अशी, की मोजमापातून काढलेल्या अणूंच्या नकाशात हायड्रोजनच्या जागी उंचवटा न येता खड्डा पडतो. ॲपोफिलाइटमधल्या हायड्रोजनच्या जागा न्यूट्रॉननं ठरवल्याचा अभ्यास १९७१ मध्येच छापून आला आहे.

आता चित्राचं. मर्क्युरी किंवा व्हेस्टा या स्फटिकरचना दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली की दोन मिनिटांत देखणं चित्र तयार होतं, आणि मला भीती त्या देखणेपणाचीच वाटते. क्ष-किरणांच्या चित्रात इतर अणू लंबगोल असतात; अणू कोणत्या दिशेला किती थरथरतो ते त्यातून कळतं. हायड्रोजन मात्र गोटीसारखा एकसारखा गोल, आणि त्याचा आकार काढणाऱ्याच्या मर्जीचा. न्यूट्रॉनच्या मोजमापात हायड्रोजनलाही स्वतःचा लंबगोल मिळू शकतो. आमच्या भिंतीजवळ जाऊन बघा, तुम्ही ज्यांना गोळे म्हणता ते चपटे आहेत. म्हणून विद्यार्थ्यांना सांगतो, चित्राखाली मोजमाप कशानं केलं ते लिहा आणि लंबगोल किती टक्क्यांचे, म्हणजे अणू त्याच्या आत सापडण्याची शक्यता किती धरली, तेही लिहा (रिवाज ५० चा). नकाशाही देणार असाल तर त्यातल्या खड्ड्याच्या रेषा तुटक काढा. नुसत्या लाल-हिरव्या रंगांवर भिस्त ठेवली तर काहींना फरकच दिसत नाही.

"मग आपणच इथं का करत नाही?" हा पुढचा प्रश्न. न्यूट्रॉनच्या मोजमापाला अणुभट्टीसारखा न्यूट्रॉनचा मोठा स्रोत लागतो. आपल्याला जवळची म्हणजे मुंबईत तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) भाभा अणुसंशोधन केंद्रातली ध्रुव अणुभट्टी, १०० मेगावॅटची, १९८५ पासूनची. विद्यापीठाच्या लोकांना प्रस्ताव पाठवून तिथं वेळ मागता येतो. क्ष-किरणांना दशांश मिलिमीटरचा स्फटिक चालतो, न्यूट्रॉनला सहसा मिलिमीटरभराचा तरी लागतो, आणि प्रयोगशाळेत एवढा वाढवताना नाकी नऊ येतात. ॲपोफिलाइटच्या बाबतीत ती चिंता नाही. खडी क्रशरवाल्या भाऊंना तेवढं सांगून ठेवायचं, एखादा बिनतड्याचा, पारदर्शक तुकडा बाजूला काढा म्हणून.