तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या भावजींच्या त्या दोन दारांच्या स्पोर्ट्स गाडीत मागे माणूस बसतं का हो?

बसतं. मी बसते.

आमच्या भावजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, ती दोन दारांची बुटकी स्पोर्ट्स कूपे सेकंडहँड घेतल्यापासून इथे गोव्यात, फोंड्याच्या बाजारात, लग्नात, देवळात, जो भेटेल तो आधी आवाजाबद्दल बोलतो, मग मायलेज विचारतो आणि मग हटकून मागच्या सीटवर येतो, की दारं दोनच तर मागे सीट कशाला आणि तिथे कोण बसतं तरी का. भावजींना विचाराल तर ते "मस्त बसतात दोघं" म्हणणार, कारण ते स्वतः मागे कधी बसलेलेच नाहीत. घरातल्या मोठ्यांत सगळ्यात बुटकी मी, पाच फूट एक इंच, म्हणून मागची जागा आपोआप माझ्या नावावर झालीय. गाडी कुठल्या कंपनीची ते सोडा, या जातीच्या बहुतेक गाड्यांचं मागचं गणित एकच असतं.

बसण्याच्या आधी शिरणं येतं, आणि खरी परीक्षा तिथेच. कूपेचं दार चार दारांच्या गाडीच्या दारापेक्षा बरंच लांब असतं कारण त्याच एका दारातून पुढच्याला पण जायचंय आणि मागच्याला पण, त्यामुळे मोकळ्या जागेत झकास, पण पणजीत अठरा जून रोडवर दोन्ही बाजूंना गाड्या चिकटून उभ्या असल्या की ते अर्धंच उघडतं, पुढचा माणूस कसाबसा आडवा होऊन बाहेर निसटतो आणि मी आत. मग गाडी परत बाहेर काढायची, मागून हॉर्न, मी डोळे मिटून बसलेली. शिरतानाचा क्रम पण लक्षात ठेवावा लागतो. खटका ओढून पुढच्या सीटची पाठ पाडायची, सीट मोटरवर सावकाश पुढे सरकेपर्यंत उन्हात उभं राहायचं, मग एक पाय आत, मान खाली, बूड टेकवायचं आणि दुसरा पाय सगळ्यात शेवटी ओढून घ्यायचा. डोकं आधी घातलंत तर अडकलातच. शिवाय पुढच्या सीटचा बेल्ट बरोब्बर त्या वाटेत आडवा लटकत असतो, त्यात पर्स अडकते, साडी नेसली असेल तर पदर अडकतो, आणि लग्नाच्या हॉलसमोर उतरताना सगळे बघत असतात ते वेगळंच.

लोकांना वाटतं गाडी लहान म्हणून मागे जागा नाही. तसं नाहीये. भारतात २०१६ पासून काही वर्षं अधिकृत विकली गेलेली फोर्ड मस्टँग घ्या, लांबी ४७८४ मिमी. आपली इनोव्हा क्रिस्टा ४७३५ मिमी. म्हणजे मस्टँग इनोव्हापेक्षा जवळजवळ पाच सेंटीमीटर लांब, आणि इनोव्हात सात माणसं, हिच्यात चार, तीही कागदावर! पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर बघितलंत तर मस्टँगचं २७२० मिमी आणि डिझायरचं २४५० मिमी, तरी डिझायरच्या मागे तिघं गप्पा मारत बसतात. मग जागा गेली कुठे, तर बरीचशी बॉनेटखाली, कारण इंजिन मोठं आणि गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं, त्याच्यामागे गिअरबॉक्स, तिथून चाकं फिरवणारा दांडा म्हणजे शाफ्ट थेट मागच्या चाकांकडे, त्याचा उंचवटा मधून जातो म्हणून मागे तिसऱ्याचा प्रश्नच मिटला. दुसरं म्हणजे छप्पर खाली आणायचं तर माणसाला पण खाली बसवावं लागतं, आणि खाली बसलेला माणूस पाय लांब सोडतो. इनोव्हात आपण स्टुलावर बसल्यासारखे ताठ बसतो आणि कूपेत पुढचा माणूस आरामखुर्चीत पसरल्यासारखा, ती पसरायची लांबी शेवटी माझ्या गुडघ्यांतून वसूल होते.

फोर्डच्या आकड्यांत २०१५ च्या मस्टँगची मागची लेगरूम, म्हणजे पायांची जागा, ३०.६ इंच आणि हेडरूम, म्हणजे डोक्याची, ३४.८ इंच आहे. पण लेगरूमचा आकडा पुढची सीट एका ठरावीक जागी धरून काढलेला असतो आणि आमच्याकडे पुढच्या सीटवर ठरावीक काही नसतं, आमचे हे बसतात, सहा फुटी. त्यांच्या मागे मी बसू शकत नाही, आमची आठ वर्षांची मुलगी सुद्धा पाय वर घेऊन मांडी घालून बसते. भावजी मध्यम उंचीचे, त्यांच्या मागे मी नीट मावते. तेव्हा मागची सीट केवढी हे विचारूच नका, पुढे कोण बसणार ते विचारा. मागचा माणूस पुढच्याच्या मर्जीवर बसतो. "अहो, जरा दोन बोटं पुढे घ्या" हे वाक्य मी त्या गाडीत जेवढं बोललेय तेवढं संसारात बोलले नसेन.

डोक्याचं म्हणाल तर माझ्या उंचीला ठीक आहे. भाचा कॉलेजात जातो, उंच वाढलाय, तो मान एका बाजूला टाकून बसतो आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला "आवय गो" म्हणतो. मागची काच उतरती असते, ती थेट डोक्यावरच येते, त्यामुळे मे महिन्यात दुपारी टाळू तापते. बाजूची काच उघडत नाही, एसीचं तोंड मागे नाही, पुढचे दोघं "थंडी वाजतेय, कमी कर" म्हणत असतात आणि मी मागे गोव्याच्या दमटपणात उकडून निघते. उपाय एकच, मधली दोन तोंडं पुढच्यांनी स्वतःकडून वळवून दोन सीटांच्या फटीतून मागे सोडायची. चांगली माणसं न सांगता सोडतात.

अंतरावरही खूप आहे. फोंडा ते पणजी काही वाटत नाही. मंगेशी, म्हार्दोळ, कवळ्याची शांतादुर्गा, हे तर हसतखेळत. चोर्ला घाटातून बेळगावला मात्र मी मागे बसून जाणार नाही, कोणी सोन्याची नथ दिली तरी नाही, कारण समोर सीटची पाठ, बाजूला काचेचा तिकोनी तुकडा, रस्ता दिसतच नाही आणि वळणं मात्र सगळी पोटाला कळतात. फेरीबोटीवर चढतानाही मागच्यांना उतरवतात, वजनाने मागची बाजू बसते आणि रॅम्पवर पोट घासतं. दिवाडीला जाताना मी चालतच चढते, मला तेच बरं वाटतं.

मग कंपन्या ही सीट देतात तरी कशाला? कारण तिच्याशिवाय गाडी घरात पटवता येत नाही. फोर्डची थंडरबर्ड १९५५ साली दोन सीटांची आली, १९५८ ला तिला चार सीटा दिल्या आणि खप वाढला. पुढे १९६२ मध्ये मस्टँगचा पहिला नमुना दोन सीटांचा केला होता, तो फोर्डचे तेव्हाचे बडे अधिकारी ली आयकोका यांना बाजारासाठी पटला नाही, आणि एप्रिल १९६४ ला जी विकायला आली ती चार सीटांची, दोन वर्षांच्या आत दहा लाख गाड्या बनल्या. पोर्शे ९११ तर १९६३ पासून मागे दोन छोट्या सीटा घेऊन फिरतेय, पण त्यांच्या पाठी पाडल्या की सामानाची फळी होते, म्हणजे तिथे माणसाची अपेक्षा फारशी नाहीच. आमच्याकडेही तसंच झालं. भावजींनी सासूबाईंना सांगितलं, चार सीटा आहेत, तुला देवळात नेईन. सासूबाई एकदा पुढे बसून आल्या आणि म्हणाल्या, "त्यापेक्षा पाटावर बस म्हणाला असतास रे, पाटावरून उठता तरी येतं." मागच्या सीटकडे त्यांनी नुसतं बघितलं.

एक गंभीर गोष्ट पण सांगते, कारण ती कोणी विचारत नाही. गाड्या आपटून सुरक्षितता तपासणाऱ्या युरोपातल्या युरो एनकॅप संस्थेने जानेवारी २०१७ मध्ये मस्टँगला पाचपैकी दोनच स्टार दिले, आणि कारणांत मागची सीट होती. समोरून पूर्ण रुंदीची धडक दिली तेव्हा माणसाच्या जागी मागे बसवलेली चाचणीची बाहुली कंबरेच्या बेल्टखालून घसरली, कारण मागच्या बेल्टना धडकेच्या क्षणी ताणून धरणारी आणि नंतर बेताने सैल सोडणारी यंत्रणा नव्हती. ही बाहुली छोट्या चणीच्या बाईच्या मापाची असते, म्हणजे जवळजवळ माझ्याच. त्याच वर्षी सुधारलेल्या गाडीत ती यंत्रणा दिली आणि तिला तीन स्टार मिळाले. म्हणून सेकंडहँड बघताना मॉडेलचं वर्ष बघा, मागच्या बेल्टबद्दल मुद्दाम विचारा. आणि मागे बेल्ट लावायचाच, तो आपल्याकडे सक्तीचा आहेच. आत्ताच फोंड्यातून निघालो, जवळच जायचंय, असलं काही चालत नाही.

एवढं सगळं ऐकून तुम्ही म्हणाल मग ती सीट फुकटच. नाही हो. सात ते बारा वर्षांची पोरं तिथे राजासारखी बसतात, त्यांना ती गुहा वाटते, पाय आखूड, तक्रार नाही. अगदी लहानांसाठी चाइल्ड सीट लागते, बऱ्याच कूपेंत मागे ती अडकवायचे आयसोफिक्सचे हुक असतात, पण ती आत घालून कुलूप लागल्याचा खटका ऐकेपर्यंत लावणाऱ्याची कंबर जाते, आणि बाळ मागे तोंड करून बसवायचं असेल तर पुढची सीट डॅशबोर्डला टेकते. आणि चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या दिवशी तर विचारू नका. गणपतीच्या वर फळं टांगतात त्या माटोळीचं सगळं सामान, सुपारीचे घोस, नारळांचा झुबका, केळ्यांचा घड, आंबाडे, सगळं मागे वर्तमानपत्र पसरून बसवलं, घडाला बेल्ट लावला, डिकीत मावलं नसतं. त्या दिवशी मी घरी होते, सुखात.

आता घ्यायचीच असेल तर घ्या. मोठ्या कूपे, म्हणजे बीएमडब्ल्यू एम४ वगैरे, सेडानच्याच घराण्यातल्या असतात, तिची चाकांमधली लांबी २८५७ मिमी, तिथे मोठी माणसं मागे खरंच बसतात. बाकीच्यांसाठी ट्रायलला जाताना घरातल्या सगळ्यात उंच माणसाला सोबत न्या, त्याला पुढची सीट त्याच्या सोयीने लावू द्या, ती अजिबात हलवू नका, मग तुम्ही मागे शिरा आणि दुपारच्या उन्हात अर्धा तास फिरवायला सांगा, त्यात थोडा घाट आला तर उत्तमच.