तुम्ही विचारलंत म्हणून: पंचवीस हजारांत कोणती हार्डटेल?

“ताई, पंचवीसेक हजार आहेत. कोणती एमटीबी घेऊ?” एमटीबी म्हणजे माउंटन बाइक, जाड टायरची, खडबडीत रस्त्याची सायकल. तिला मागे शॉकअप नसेल तर ती हार्डटेल. लिफ्टमध्ये विचारतात, ऑफिसच्या कँटीनमध्ये विचारतात, एकदा तर ठाण्याजवळच्या येऊरच्या चढावर मी धापा टाकत असताना एका मुलाने शेजारून जाता जाता विचारलं. गेल्या महिन्यात आमच्याच मजल्यावरच्या वहिनी मुलाला घेऊन घरी आल्या. मुलगा अकरावीत. मोबाइलमध्ये तीन सायकलींचे फोटो: एक पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप असलेली, एक एकवीस गिअरची आणि एक नुसती दहा गिअरची, पण तीच सगळ्यांत महाग. “दहा गिअरला जास्त पैसे कशाचे?” वहिनींनी विचारलं. त्या दिवशी मी घाईत होते, उत्तर अर्धवट दिलं आणि ते मनाला लागून राहिलं. कारण प्रश्न अगदी बरोबर होता. म्हणून आता नीट सांगते.

मी ऐरोलीला राहते, ऑफिस ठाण्यात. दिघा, विटावा, कळव्याचा पूल असा रोजचा रस्ता. रविवारी उपवनवरून येऊर, कधी खारघरच्या टेकडीवर फणसवाडी-चाफेवाडीकडे. नऊ वर्षांत दोन सायकली झाल्या, दुसरी अजून चालवते.

पहिली घेताना मी दुकानात तिचा शॉकअप दाबून पाहिला. सगळे तेच करतात. हँडल धरून दोनदा दाबायचं, फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुपाखी भाग, खाली-वर झाला की मन भरतं. एकवीस गिअर, डिस्क ब्रेक, रंग सुंदर. मागच्या चाकाकडे मी बघितलंसुद्धा नाही. आठ महिन्यांनी, भर जुलैत, विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलं होतं, त्यातला खड्डा दिसला नाही. पडले नाही, पण घरी पोचेपर्यंत मागचं चाक डगडगायला लागलं होतं. मला वाटलं, चाकाला आऊट आला असेल, म्हणजे रिम वाकडी झाली असेल. कळव्याच्या मिस्त्रीकाकांनी चाक उतरवलं, छर्ऱ्यांना दाबून धरणारे कोन नावाचे नट सैल केले, छर्रे एका वाटीत काढले आणि आतला एक्सल, म्हणजे चाकाच्या मधली सळई, काउंटरच्या काचेवर ठेवून बोटाने हळूच ढकलला. सरळ सळई घरंगळते तसा तो घरंगळेना. अर्धा वळसा जायचा, मग मधला भाग काचेवरून उचलला जायचा, पुन्हा टेकायचा. टक, टक असा आवाज. “वाकलाय,” काका म्हणाले. “फ्रीव्हीलच्या हबचा वाकतोच. हा बदलून देतो, पण परत वाकेल.” दिवाळीच्या आत परत वाकला.

का वाकतो ते मी त्यांच्याकडूनच शिकले. स्वस्त सायकलीत मागच्या दातेरी चक्रांचा गठ्ठा हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या नळकांड्यावर, आट्यांनी फिरवून बसवलेला असतो, तो फ्रीव्हील. या रचनेत उजवीकडचे छर्रे गठ्ठ्याच्या आतल्या बाजूला, चाकाच्या मध्याकडे राहतात. छर्ऱ्यांपासून फ्रेमपर्यंतचा एक्सल मग आधाराशिवाय लोंबतो, आणि खड्ड्यात आपटलं की सगळा भार त्याच तुकड्यावर येतो. दुसरी रचना कॅसेटची. तिच्यात छर्रे पार फ्रेमच्या जवळ बसतात, त्यामुळे एक्सलला टोकाशी आधार मिळतो. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. दुकानात ओळखायची युक्ती अशी: सगळ्यांत लहान चक्राच्या मध्ये पान्यासाठी खाचा असतात, त्यांच्यावर नजर ठेवा आणि चक्रं हाताने उलटी फिरवा. खाचा चक्रांबरोबर फिरल्या तर कॅसेट, खाचा जागच्या जागी राहिल्या तर फ्रीव्हील. दुकानदाराला विचारायचीही गरज नाही.

वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. एकवीस गिअर म्हणजे पुढे तीन चक्रं, मागे सात, आणि मागे सहा-सात चक्रांची स्वस्त सायकल जवळजवळ नेहमी फ्रीव्हीलची. मागे नऊ-दहा असतील तर बहुतेक वेळा कॅसेट. शिवाय त्या एकवीसमधले कितीतरी गिअर एकमेकांसारखेच निघतात. पुढे बत्तीस दात्यांचं एकच चक्र आणि मागे ११ ते ४६ दात्यांची दहा चक्रं, असा हिशेब मी करून पाहिला. २९ इंची चाकावर मिनिटाला ऐंशी वेळा पायडल फिरवलं तर सगळ्यांत जड गिअरवर ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास वेग मिळतो. पाम बीच रोडवर मला त्याहून जास्त लागत नाही. आणि सगळ्यांत हलक्या गिअरवर चाकाचा एक फेरा पायडलच्या जवळजवळ दीड फेऱ्याला पडतो. येऊरचा चढ त्यावर बसूनच निघतो, खाली उतरावं लागत नाही. गिअर मोजू नका. सगळ्यांत हलका गिअर किती हलका आहे ते बघा, कारण आपल्याकडे गुडघे चढावरच बोलतात.

गिअर बनवणाऱ्या शिमानो कंपनीची नावं कानावर येतीलच. खालून वर टुर्नी, आल्टस, एसेरा, एलिव्हिओ, डिओर अशी जुनी उतरंड. २०२३ मध्ये कंपनीने मधल्या नावांच्या जागी क्यूज ही नवी मालिका आणली, त्यामुळे दुकानात आता दोन्ही दिसतात. मागच्या डिरेलरवर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) मोठं नाव लावून शिफ्टर (हँडलवरची गिअर बदलायची कळ) आणि चेनसेटमध्ये (पुढची चक्रं आणि पायडलचे दांडे) बचत करायची, हा विक्रीचा जुना रिवाज आहे. म्हणून एका भागावरचं नाव वाचून खूश होऊ नका. तसंही डिरेलर आणि शिफ्टर पुढे बदलता येतात.

आता शॉकअप. इथे मी अनेकांशी वाद घातलाय आणि माझं मत बदललेलं नाही. पंचवीस हजारांच्या सायकलीत चांगला सस्पेन्शन फोर्क मिळत नाही. मिळतो तो स्प्रिंगचा, अडीच किलोच्या आसपास वजनाचा, आणि स्प्रिंग एकाच मापाची. पन्नास किलोच्या मुलीला तो जेमतेम हलतो, नव्वद किलोच्या माणसाला तळाला आपटतो. आत तेलाचं नियंत्रण नसतं, म्हणून दाबला तसा उसळी मारून परत येतो. शिवाय त्याच्या नळ्या बहुधा क्रोम चढवलेल्या लोखंडाच्या. आमच्या इथे एका बाजूला खाडी, वरून चार महिने पाऊस. माझ्या पहिल्या सायकलीच्या फोर्कवर दुसऱ्या पावसाळ्यात तांबूस ठिपके आले, मग ते ठिपके आतलं रबरी सील खरवडायला लागले, आणि शेवटी फोर्क आखडला तो आखडलाच. पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअपवाली सायकल तर या पैशांत घेऊच नका. मागचा सांधा, मागची स्प्रिंग, वाढलेलं वजन, सगळं तुमच्या मांड्यांवर येतं आणि सहा महिन्यांत सांधा करकरायला लागतो. हार्डटेलच घ्या. वीस हजारांच्या आत असाल तर पुढेही शॉकअप नसलेली, साध्या फोर्कची, पण रुंद टायरची सायकल बघा. ती दाखवली की लोकांचा चेहरा पडतो, पण ती हलकी असते आणि टिकते.

आपण कुठे चालवतो याचा शांतपणे विचार करा. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. नाक्यावर वनखात्याची माणसं असतात, आणि आपण डांबरी रस्त्याने पाड्यांपर्यंत जाऊन परत येतो. आतल्या पायवाटांवर परवानगीशिवाय सायकल घालू नये, ते बिबट्याचं घर आहे. उरले आपले रोजचे शत्रू: घोडबंदर रोडचे खड्डे, उखडलेले पेव्हर ब्लॉक, रंग उडालेले स्पीडब्रेकर. त्यांना खरं उत्तर टायरचं. सव्वादोन इंची टायर आणि त्यात बेताची हवा. माझं वजन बासष्ट किलो. खराब रस्त्यावर मी तीसेक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवते, गुळगुळीत रस्त्यावर चाळीस. दुकानातून सायकल येते तेव्हा बहुतेक वेळा हवा खच्चून भरलेली असते आणि माणूस म्हणतो, शॉकअप काम करत नाही. हवा थोडी सोडून बघा, वेगळीच सायकल वाटेल. चाक २७.५ की २९ इंच, यावर फार डोकं शिणवू नका. उंची कमी असेल तर पहिलं, नाहीतर दुसरं.

ब्रेकवर मात्र कंजुषी करू नका. येऊरवरून उतरताना समोरून रिक्षा येते, वळणावर ओला पाचोळा असतो, तिथे बोटभर दाबून सायकल थांबली पाहिजे. हायड्रॉलिक, म्हणजे तारेऐवजी तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, डिस्क बजेटमध्ये बसत असतील तर त्याच घ्या. स्वस्त तारेच्या डिस्क ब्रेकमध्ये एकच पॅड हलतो आणि डिस्कला वाकवून दुसऱ्या पॅडवर दाबतो, म्हणून सारखा जुळवत बसावा लागतो. आणि चेनला तेलाचा फवारा मारताना डिस्कवर थेंबही उडू देऊ नका. पॅडने तेल प्यायलं की तो गेलाच म्हणायचा.

इतकं सगळं बघून उरते ती फ्रेम, आणि खरं तर सुरुवात तिच्यापासूनच करायची. हब, फोर्क, ब्रेक, गिअर सगळं पुढे हळूहळू बदलता येतं. फ्रेम बदलली म्हणजे सायकलच बदलली. हँडलखालची नळी वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर पुढे पैसे जमल्यावर चांगला एअर फोर्क, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारा, सहज बसतो. वरपासून खालपर्यंत सारख्याच मापाची असेल तर तसा फोर्क शोधताना नाकी नऊ येतात. मी आधी हे बघते आणि मग माप. माप म्हणजे दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून सपाट उभं राहायचं. दांडा आणि तुमच्यामध्ये दोनेक इंच तरी जागा हवी. मग सीटवर बसून टाच पायडलवर ठेवायची, पायडल खाली असताना गुडघा सरळ झाला पाहिजे. हात हँडलपर्यंत ताणून न्यावे लागत असतील तर फ्रेम मोठी आहे. मी पाच फूट तीन इंच. पहिल्या खेपेला मला मोठी फ्रेम दिली, “सीट खाली करून देतो” म्हणाले. सीट खाली आली, हँडल तिथेच राहिलं. वर्षभर मान आणि खांदे दुखले. तुमच्या मापाची सायकल दुकानात नसेल तर आठ दिवस थांबा, पण असेल ती घेऊन येऊ नका.

पैशांचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. आधी करासकट पंचवीस हजारांना मिळणाऱ्या सायकलवर त्याने साधारण दीड हजार वाचतात. त्यात हेल्मेट बसतं. हेल्मेट, मागचा लाल दिवा, पंप, एक जादा ट्यूब, कुलूप, यासाठी तीन-चार हजार आधीच बाजूला काढा. पूर्ण रक्कम सायकलीवर घालून हेल्मेट “पुढच्या पगारात” ठेवणारे मी पाहिलेत. पुढचा पगार येतो, हेल्मेट येत नाही.

आणि जुनी सायकल घ्यायला लाजू नका. माझी दुसरी सायकल जुनीच आहे. २०२० च्या लॉकडाऊननंतर घेतलेल्या कितीतरी सायकली ठाण्या-नवी मुंबईच्या बाल्कन्यांमध्ये टायर मऊ होऊन उभ्या आहेत. ट्रेकची मार्लिन, जायंटची टॅलन, नव्या घ्यायच्या तर या बजेटबाहेर, जुन्या मात्र कधी कधी बसतात. बघायला जाताना शाळेची बारा इंची पट्टी न्या. चेनच्या एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा. तिथून चोविसावी पिन बरोबर बारा इंचांवर आली तर चेन नव्यासारखी आहे. एक अष्टमांश इंच पुढे गेली असेल तर चेनबरोबर चक्रंही बदलावी लागतील, तेवढे पैसे किमतीतून कमी करायला सांगा. मग हँडलजवळचे वेल्डिंगचे सांधे ओल्या फडक्याने पुसून उजेडात बघा. रंगात केसाएवढी रेघ दिसली तर तिथूनच परत फिरा. पायडलच्या खाली, फ्रेमच्या पोटाशी नंबर कोरलेला असतो, तो बिलाशी जुळवून घ्या. बिल नसेल तर मी घेत नाही, सायकल कितीही आवडली तरी.

वहिनींच्या मुलाला मी ती दहा गिअरवाली सांगितली, पण आधी माप घेऊन ये म्हटलं. तो गेल्या रविवारी माझीच सायकल घेऊन दिघ्यापर्यंत जाऊन आला. त्याला ती एक माप लहान पडते, हे त्याला स्वतःलाच कळलं. तुमची उंची पाच-दोन ते पाच-पाचच्या मध्ये असेल तर तुम्हीही या. रविवारी सकाळी सहाला मी सोसायटीच्या गेटपाशी असते. सीट खाली-वर करायला पाना माझ्याकडे आहे, हेल्मेट तेवढं आणा.